उत्सवाचे देणे देवळाला

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाईचे घाट, माहुलीचा संगम, कऱ्हाडचा प्रीतिसंगम, बहे येथील रामलिंग बेट आणि औदुंबरचे दत्तक्षेत्र मागे टाकून सांगलीच्या गणपतिमंदिराशी येते, तेव्हा तिच्या दोन्ही तीरांवर आणि तीरांपासून दूर असलेल्या माणदेशाच्या माळावर वर्षाचा असा एकही महिना रिता जात नाही की ज्यात कोठे पालखी निघत नाही, कोठे रथ ओढला जात नाही, किंवा कोठे यात्रा भरत नाही. सातारा जिल्ह्यातून 1949 साली दक्षिण सातारा हा जिल्हा निराळा निघाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळाले. महसुली दप्तरात असे दोन भाग झाले खरे, परंतु नदीने आणि पंचांगाने हा मुलूख अद्यापि एकच आहे. या मुलखातील देवळे सरदारांच्या द्रव्याने उभी राहिली हे सर्वांना ठाऊक आहे. ती टिकली मात्र उत्सवांमुळे, ही गोष्ट तितकीशी ध्यानात घेतली जात नाही. आज उत्सव संख्येने, खर्चाने आणि गाजावाजाने वाढत असता देवळांचे चिरे, घाटांच्या पायऱ्या आणि दीपमाळा मात्र झिजत व विद्रूप होत चालल्या आहेत. हा विरोध कशातून उत्पन्न झाला आणि तो कसा दूर करता येईल, याचा विचार या दोन जिल्ह्यांतील प्रत्येक जाणत्या माणसाने करावा, असे मला मनापासून वाटते.

प्रथम वाईचे उदाहरण घेऊ. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 मध्ये बांधलेले ढोल्या गणपतीचे मंदिर कृष्णेच्या अगदी पात्रालगत उभे आहे, आणि पावसाळ्यात चढणाऱ्या पाण्याचा वेग थेट भिंतीवर येऊन आदळू नये, तो दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावा, म्हणून त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची, टोकदार बांधलेली आहे. ज्या कारागिरांनी ही भिंत रचली त्यांनी नदीचा स्वभाव ओळखला होता. तिला अडविण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही, तिला वाट दिली. जवळच आनंदराव भिकाजी रास्ते यांनी 1757 मध्ये बांधलेले काशीविश्वेश्वराचे देऊळ आहे, आणि थोड्याच अंतरावर मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा, त्याखालचा घाट, मेणेश्वराचे देऊळ आणि वसईच्या मोहिमेतून आलेली ती प्रचंड घंटा आहे. हे सर्व वैभव पेशवाईतील सरदारांचे व मुत्सद्द्यांचे खरे. परंतु पेशवाई गेली, सातारची गादी 1848 साली खालसा झाली, रास्त्यांचा सरंजाम लयास गेला, तरीही हे घाट ओस पडले नाहीत. ते का पडले नाहीत, याचे उत्तर वाईच्या कृष्णाबाईच्या उत्सवात आहे.

अफजलखानाच्या स्वारीच्या काळात शिवाजी महाराजांना यश यावे म्हणून वाईच्या शेंडे घराण्यातील पुरुषाने कृष्णेला नवस केला आणि त्यातून हा उत्सव सुरू झाला, अशी तेथील परंपरा सांगते. थंडी ओसरू लागली की वाईचे सात घाट एकामागून एक हा उत्सव साजरा करू लागतात: भीमकुंड आळी, मधली आळी, धर्मपुरी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, गंगापुरी. प्रत्येक आळीचा मंडप तिच्या घाटावर, प्रत्येक आळीची कृष्णाबाई निराळी, आणि कीर्तन, गायन, पुराण, व्याख्यान व महाप्रसाद यांची व्यवस्था त्या त्या आळीने पाहावयाची. नदीला देवी मानून तिची मूर्ती घाटावर आणून बसवावयाची, तर तो घाट आधी स्वच्छ असला पाहिजे, त्याच्या निखळलेल्या पायऱ्या बसविल्या पाहिजेत, पावसाळ्यात साचलेला गाळ काढला पाहिजे. म्हणजे उत्सवाची तिथी ही घाटाच्या वार्षिक दुरुस्तीची मुदतच होऊन बसली. राजा गेला, सरदार गेले, परंतु आळी राहिली, आणि आळीला दरसाल एकदा आपल्या घाटाकडे डोळे उघडून पाहणे भाग पडले. कोणत्याही सरकारी खात्याच्या हुकुमाने जे काम अडीचशे वर्षे अखंड चालणे अशक्य होते, ते एका उत्सवाने करून दाखविले.

हीच गोष्ट पर्जन्यछायेतील माणदेशात दुसऱ्या रूपाने दिसते. तेथे नदीचा महापूर नाही, तेथे पाण्याची वाण आहे. म्हणून तेथील उत्सवांनी पाण्याचा आणि जनावरांचा संसार आपल्याशी जोडून घेतला. शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवाला चैत्रातील रणरणत्या उन्हात गावोगावच्या भक्तांच्या कावडी येतात, आणि द्वादशीला मुंगी घाटाचा उभा कडा माणसामाणसांच्या हातांचा आधार घेत त्या चढविल्या जातात. त्यांत सासवडच्या भुतोजी तेल्याच्या कावडीचा मान मोठा. त्याच डोंगरावर शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी यात्रेकरूंची तहान भागावी म्हणून तळे बांधविले. देवाला पाणी घेऊन येणारा भक्त आणि भक्तासाठी पाणी साठविणारा राजा, या दोघांच्या कृतींत एकच धर्म आहे, आणि दुष्काळी मुलखात त्याहून मोठा धर्म सांगता येणार नाही. म्हसवडला मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला सिद्धनाथाचा रथ निघतो तो माणगंगेच्या काठी खरिपाची कामे आटोपल्यावर. आटपाडीजवळच्या खरसुंडीला पौषात सिद्धनाथाची यात्रा भरते, तेव्हा तेथे खिलार जनावरांचा जो बाजार भरतो, त्यावर त्या भागातील शेतकऱ्यांचे पुढील वर्षाचे औत अवलंबून असे. कऱ्हाड तालुक्यातील पाल येथे तारळी नदीच्या काठी पौषातच खंडोबा आणि म्हाळसा यांचे लग्न लागते, आणि भंडाऱ्याने पिवळी झालेली ती मिरवणूक नदीच्या पात्रातून जाते. या सर्व तिथी ऋतूंच्या आणि शेतीच्या गतीशी बांधलेल्या आहेत. पेरणी चालू असता यात्रा नाही आणि सुगीच्या आधी रथ नाही. आपल्या पूर्वजांनी देवाचे पंचांग आणि शेताचे पंचांग ही दोन निराळी पुस्तके मानली नाहीत.

खाली सांगली-मिरजेकडे आले म्हणजे उत्सवांत संस्थानी थाट दिसतो. परशुरामभाऊ पटवर्धनांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तासगावी गणपतीचे जे देऊळ उभारले, त्याच्या प्रवेशद्वारावर महाराष्ट्रात क्वचितच दिसणारे दाक्षिणात्य धाटणीचे उंच गोपुर आहे. कर्नाटकच्या मोहिमांत या सेनापतीने जे पाहिले ते त्याने आपल्या गावच्या देवाला आणून अर्पण केले. ऋषिपंचमीला निघणारा तासगावचा रथ दोरखंडांना लागलेल्या शेकडो हातांनी ओढला जातो. त्याला बैल लागत नाहीत, यंत्र लागत नाही. सांगलीस चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी 1801 साली मिरजेपासून निराळी गादी स्थापिली, आणि कृष्णेच्या काठी काळ्या पाषाणाचे गणपतिमंदिर बांधले. याच राजाच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी 1843 साली सीतास्वयंवराचा प्रयोग केला आणि मराठी रंगभूमीचा पाया घातला. या मंदिरात भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे चतुर्थीच्या आधीच, कोणताही गाजावाजा न करता ‘चोर गणपती’ बसविण्याची रीत आहे. ज्या शहरात आज गणपती म्हटले की कानठळ्या बसविणारे आवाज आठवतात, त्याच शहराच्या मुख्य देवळात गणेशोत्सवाचा आरंभ निःशब्दपणे होतो, ही गोष्ट सांगलीकरांनी विसरू नये.

उत्सवांचे हे वैभव एकाच धर्माच्या पदरी पडलेले नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. कडेगावचे मोहरमचे गगनचुंबी ताबूत उभारण्यात आणि त्यांच्या भेटी घडविण्यात हिंदू घराण्यांचा वाटा परंपरेने चालत आलेला आहे. मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यातील उरुसात पहिला गलेफ चढविण्याचा मान चर्मकार समाजाचा. आणि त्याच दर्ग्याच्या आवारात 1937 साली निवर्तलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गवई आपली सेवा रुजू करतात. मिरजेचे तंतुवाद्य बनविणारे कारागीर, दर्ग्यापुढे गाणारे गवई आणि सांगलीच्या गणपतीपुढे वाजणारा चौघडा यांनी मिळून या प्रांताची जी अभिरुची घडविली, ती कोणा एकाची मिरास नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. पूर्वी हा सर्व व्यवहार चालत असे तो कशाच्या बळावर? देवस्थानाला सनदेने इनाम जमीन असे, किंवा रोख वर्षासन नेमून दिलेले असे. त्या उत्पन्नातून नित्याची दिवाबत्ती, नैवेद्य, वार्षिक उत्सव आणि देवळाची डागडुजी, या चारही बाबी एकाच जमाखर्चात चालत. त्याशिवाय गावातील प्रत्येक समाजाकडे उत्सवातील एकेक काम वहिवाटीने सोपविलेले असे. गुरवाने पूजा करावी, भोयांनी पालखी उचलावी, मशालजीने मशाल धरावी, सुताराने रथाची चाके पाहावी, पाथरवटाने ढासळलेला चिरा बसवावा. त्याबद्दल त्याला बलुत्यात वाटा आणि उत्सवात मान मिळे. या व्यवस्थेत अन्याय होते, आणि ते लहान नव्हते: ज्या पाथरवटाने गाभारा घडविला त्याला पुष्कळ ठिकाणी गाभाऱ्याची पायरी चढता येत नसे, आणि मानाच्या उतरंडीत तळाला बसविलेल्यांच्या वाट्याला काम पुष्कळ आणि प्रतिष्ठा अल्प येई. ती उतरंड गेली हे योग्यच झाले, आणि ती परत यावी अशी इच्छा कोणीही बाळगू नये. परंतु त्या उतरंडीबरोबर एक उपयुक्त गोष्टही गेली: ज्याला उत्सवात मान, त्याच्यावर देवळाची जबाबदारी, हा संबंध तुटला.

सातारची गादी खालसा झाल्यावर इंग्रजी अमलात इनामांची चौकशी झाली, आणि जी रोख वर्षासने कायम राहिली त्यांचा आकडा तोच राहून महागाई मात्र वाढत गेली. सांगली, मिरज, औंध, जत ही संस्थाने 1948 साली विलीन झाली, आणि राजाश्रयाचा शेवटचा धागाही गेला. पुढे 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने देवस्थानांची नोंदणी होऊन हिशेब तपासले जाऊ लागले, ही सुधारणा मोलाची होती. परंतु त्याच काळात गावोगावी उत्सवासाठी निराळ्या समित्या आणि मंडळे निघाली, वर्गणी त्यांच्याकडे जाऊ लागली, आणि देवळाची वही व उत्सवाची वही या दोन निराळ्या वह्या झाल्या. आज अनेक गावी स्थिती अशी आहे की मिरवणुकीच्या वहीत लक्षावधी रुपये जमा होऊन चार दिवसांत खर्ची पडतात, आणि देवळाच्या वहीत पेटीतील नाण्यांपलीकडे काही नसल्याने शिखरावर उगवलेला पिंपळ वर्षानुवर्षे वाढत राहतो. माझ्या मते आजच्या ऱ्हासाचे मूळ येथे आहे. लोकांची श्रद्धा कमी झालेली नाही, द्रव्यही कमी झालेले नाही. केवळ उत्सवाकडून देवळाकडे जाणारा पाट बुजला आहे.

आणि जेव्हा कधी देवळाकडे द्रव्य वळते, तेव्हा ते बहुधा अज्ञानाने वापरले जाते. शेकडो वर्षे ऊनपाऊस सोसलेल्या काळ्या दगडावर तैलरंगाचे थर चढविले जातात; दगडाच्या सांध्यांतील चुना काढून तेथे सिमेंट भरले जाते, जे ओल आत कोंडून धरते आणि चिरा आतून खिळखिळा करते; सभामंडपाच्या फरसबंदीवर चकचकीत फरशा बसवून पावसाळ्यात वृद्धांना घसरण्याची सोय केली जाते; दीपमाळेला विजेच्या तारांचा विळखा पडतो; आणि जीर्णोद्धार म्हणून जुने लाकडी मंडप पाडून तेथे स्लॅबचे दिवाणखाने उभे राहतात. हे सर्व भक्तीनेच होते, आणि म्हणून त्याचे दुःख अधिक वाटते. शत्रूने फोडलेल्या मूर्तीबद्दल आपण पिढ्यानुपिढ्या हळहळतो, आणि आपल्याच हातांनी रंगाखाली बुजविलेल्या शिल्पाची मात्र खंत बाळगत नाही.

उत्सवाकडून स्थळाकडे दुर्लक्ष झाले म्हणजे काय घडू शकते, याची भयंकर आठवण वाई तालुक्यातील मांढरदेवीच्या डोंगराशी जोडलेली आहे. 25 जानेवारी 2005 रोजी, शाकंभरी पौर्णिमेच्या यात्रेत, काळूबाईच्या दर्शनाला लोटलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन तीनशेच्या आसपास माणसे प्राणास मुकली. त्या दुःखाचा दोष येथे कोणाच्या माथी मारावयाचा नाही; परंतु जेथे लाखो पावले येतात तेथील पायऱ्यांची रुंदी, उतरण्याची निराळी वाट, मार्गावरील दुकानांची मर्यादा या गोष्टी पूजेच्या साहित्याइतक्याच देवकार्यात मोडतात, हे त्या दिवसाने शिकविले. नदीने दिलेली शिकवणही तशीच आहे. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही वर्षी कृष्णेच्या पुराने सांगली वेढली गेली. 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर पोहोचले, आणि घाट, देवळे, बाजारपेठा पाण्याखाली गेल्या. 2005 च्या पुरात हरिपूरची हळदीची पेवे बुडाली. ज्या जुन्या बांधकामांनी पाण्याला वाट देण्याची बुद्धी दाखविली होती, त्यांच्या शेजारी आपण पाण्याची वाट अडविणारी बांधकामे केली. कृष्णेकाठच्या उत्सवांना पूर अपरिचित नाही. सांगलीच्या खालच्या अंगास नरसोबाच्या वाडीला पुराचे पाणी दत्तपादुकांवरून वाहून दक्षिणद्वाराने बाहेर पडते, तेव्हा त्या पाण्यात स्नान करणे हाच तेथला सोहळा असतो. देवळात पाणी येणार हे गृहीत धरून जिथे देऊळ बांधले आणि उत्सव योजिला, त्या परंपरेचे आपण वारस आहोत.

या प्रश्नाचा विचार करताना जपानमधील क्योतो शहराचे उदाहरण उपयोगी पडण्यासारखे आहे. त्या शहराच्या हिगाशियामा या भागात टेकडीच्या उतारावर कियोमिझु हे प्राचीन बौद्ध मंदिर आहे, आणि पायथ्याशी यासाका हे शिंतो देवस्थान. या देवस्थानाचा गिऑन उत्सव इसवी सन 869 मध्ये रोगराईच्या निवारणार्थ सुरू झाला, असे तेथील इतिहास सांगतो, आणि तो दर वर्षी ऐन उन्हाळ्यात, जुलैत भरतो. त्यातील अवाढव्य रथ खिळ्यांवाचून, केवळ दोरांच्या गाठींनी बांधले जातात, आणि प्रत्येक रथ शहरातील एकेका आळीच्या मालकीचा असतो. त्याची वस्त्रे, त्याची चाके, त्याचे वादन आणि पुढील वर्षापर्यंत त्याचा सांभाळ ही त्या आळीची जबाबदारी. कामो नदीच्या काठची ही व्यवस्था आणि कृष्णेच्या काठची वाईच्या सात आळ्यांची व्यवस्था यांच्यात समुद्राचे अंतर आहे, पण तत्त्वाचे अंतर नाही.

अंतर आहे ते पुढील पावलात. 1949 च्या जानेवारीत नारा प्रांतातील होर्यूजी मंदिराच्या मुख्य मंडपाला आग लागून तेथील प्राचीन भित्तिचित्रे होरपळली; त्या धक्क्याने जागे झालेल्या जपानने 1950 साली सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला. या कायद्याचा विशेष असा की त्याने इमारतींबरोबर कलांनाही संरक्षणाच्या कक्षेत घेतले, आणि 1975 च्या दुरुस्तीने लोकांचे उत्सव व रूढी यांना मान देतानाच, जुन्या वास्तूंची दुरुस्ती ज्या हस्तकौशल्याने होते ते कौशल्यही रक्षणीय ठरविले. देऊळ, उत्सव आणि कारागीर ही तिन्ही एकाच दप्तरात आली. आपल्याकडे 1960 चा प्राचीन स्मारकांचा राज्य अधिनियम आहे. परंतु तो वास्तूंचा विचार करतो, आणि ज्या उत्सवाने ती वास्तू जिवंत राहते किंवा ज्या पाथरवटाने ती सांधावयाची, त्यांच्याशी त्याला कर्तव्य नाही. इसे येथील देवालय तर दर वीस वर्षांनी नव्याने बांधले जाते, आणि 2013 साली ते असे बांधले गेले. त्यांची रीत लाकडाची आहे, आपली दगडाची, म्हणून तिचे अनुकरण आपण करू नये. परंतु प्रत्येक पिढीच्या हाताला बांधणीचे काम मिळालेच पाहिजे, हा त्यामागचा विचार मात्र आपल्याला अवश्य घेण्यासारखा आहे. आपल्या दोन जिल्ह्यांत चुन्याची घाणी चालविणारे गवंडी किती उरले आहेत, याचा शोध घेतला तर हा विचार किती निकडीचा आहे ते कळेल.

यावर दोन आक्षेप घेतले जातील, आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. पहिला असा की जुने ते सर्व जपावयाचे म्हटले तर अनिष्ट रूढीही जपल्या जातील. हे भय अनाठायी आहे, कारण या प्रदेशाचे उत्सव स्वतःच बदलत आले आहेत. वाईजवळच्या बावधनला रंगपंचमीस भैरवनाथाचे बगाड निघते. एके काळी गळ टोचून घेण्याची जी रीत बगाडात होती, तिच्या जागी बगाड्याला वस्त्राने बांधण्याची रीत आली, आणि त्यामुळे ना देवाचा कोप झाला ना गर्दी ओसरली. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीत जिवंत नागांची पूजा होत असे. वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा 1972 चा कायदा आणि उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे त्या प्रथेला मर्यादा पडली, आणि त्याबद्दल शिराळकरांच्या मनात वेदना असली, तरी नागाला देव मानणाऱ्या गावाला नागाचे रक्षण करणाऱ्या कायद्याशी शेवटी सख्य करता येईल, असा माझा विश्वास आहे. परंपरेतील क्रूरता टाकून तिच्यातील जिव्हाळा राखता येतो, हे या दोन उदाहरणांतून दिसते.

दुसरा आक्षेप असा की ज्या मुलखात पाण्याचे टँकर फिरतात तेथे देवळांच्या दगडांसाठी द्रव्य मागणे शोभत नाही. याचे उत्तर शिंगणापूरच्या तळ्याने कधीच दिले आहे. देवळाबरोबर तळे, घाट, बारव, धर्मशाळा आणि वृक्षराजी येते. देवळाची निगा म्हणजे या सर्वांची निगा. औंधच्या पंतप्रतिनिधींनी यमाईच्या डोंगरावर 1938 साली चित्रशिल्पांचे संग्रहालय उघडले, तेव्हा देवीच्या वाटेवर विद्येचीही वस्ती झाली. वाईच्या प्राज्ञपाठशाळेने धर्मकोशाची आणि पुढे त्याच गावाने मराठी विश्वकोशाची सेवा केली. देऊळ ज्या गावात नीट राहते, तेथे पाणी, विद्या आणि कला यांचीही बूज राखली जाते, हा आपला अनुभव आहे. शिवाय मी नवे द्रव्य मागत नाही. जे दरसाल धुरात, आवाजात आणि फलकांवर खर्च होते, त्यातीलच एक अंश मागतो.

म्हणून माझी सूचना अशी आहे. प्रत्येक यात्रा समितीने आणि उत्सव मंडळाने जमलेल्या वर्गणीचा निदान दहावा हिस्सा त्याच देवळाच्या, घाटाच्या किंवा तळ्याच्या निगेसाठी वेगळा काढावा, आणि तो हिशेब सभामंडपात सर्वांना वाचता येईल असा लावावा. नगरपालिकांनी व ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतील देवळे, त्यांतील शिलालेख, उत्सवांच्या तिथी, मानकरी आणि वाद्ये यांचे दप्तर सिद्ध करावे, कारण जे लिहिले गेले नाही ते एका पिढीत विसरले जाते. जुन्या दगडावर रंग आणि जुन्या सांध्यांत सिमेंट घालण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याच्या जाणकाराचा सल्ला घेण्याची तजवीज विश्वस्तांनी करावी, आणि चुन्याचे काम जाणणाऱ्या वृद्ध गवंड्यांच्या हाताखाली तरुणांना शिकण्यास वेतन द्यावे. ज्या नदीला आपण कृष्णाबाई म्हणून घाटावर बसवितो, तिच्यात गावाचे सांडपाणी आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती सोडणे बंद करावे. उत्सवातील देवी आणि पात्रातील नदी या दोन निराळ्या आहेत, असे आपल्या पूर्वजांनी कधी मानले नव्हते. बृहस्पती कन्या राशीत आला म्हणजे येणारे कन्यागताचे पर्व 2016 साली होऊन गेले आणि पुढचे 2028 साली येईल. त्या पर्वाला लक्षावधी लोक वाईला, माहुलीला आणि वाडीला स्नानास येतील, आणि तोपर्यंत कृष्णेचे पाणी व कृष्णेचे घाट त्या स्नानाच्या योग्यतेचे करणे, हे या दोन जिल्ह्यांनी आपले व्रत मानावे.

हे काम सरकारने करावे म्हणून वाट पाहत बसणे, हे ज्या आळ्यांनी राज्ये बुडाल्यावरही आपले उत्सव चालविले त्यांच्या वारसांना शोभणारे नाही. येत्या वर्षी आपल्या दारी वर्गणीची पावती घेऊन तरुण येतील, तेव्हा वर्गणी अवश्य द्यावी, यथाशक्ति अधिक द्यावी. परंतु देण्यापूर्वी यातील देवळाच्या दुरुस्तीचा वाटा किती, हा प्रश्न प्रत्येक वाचकाने त्यांना विचारावा, आणि समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत तो दरसाल विचारीत राहावे.